चौथ्या शीलापाशी

“नवा, हात!”

दोनच शब्द. मध्ये श्वास घ्यायलासुद्धा जागा नव्हती. अठरा वर्षं झाली त्या हाकेला, पण नवनाथच्या कानात ती अजून कालचीच होती. नळाखाली हात धरला की यायची. भाकरीचा तुकडा मोडताना यायची. लेक मनाली लहान होती तेव्हा तिचं बोट धरून रस्ता ओलांडताना तर हटकून यायची. हाक मारणाऱ्याचा गळा तसा गोड, पेटीवर बसला की अख्खी गल्ली दारात यायची. त्या दिवशी मात्र तो गळा कोरं कापड फाटावं तसा टर्रकन फाटला होता.

आणि आज हाक मारणारा फोटोत जाऊन बसला होता.

सातपूरच्या कामगार वस्तीतल्या विहारात झुंबरच्या जलदानाचा विधी होता. माणूस जाऊन पाच दिवस झाले होते. दारात चपलांचा ढीग, आत पांढरे सदरे नि पांढऱ्या साड्या. कुणी रजा टाकून आलं होतं, कुणी रात्रपाळीचे तांबारलेले डोळे तसेच घेऊन. बुद्धमूर्तीच्या पायाशी मेणबत्त्या, बाजूला झुंबरचा फोटो आणि फोटोशेजारी त्याची पेटी, भाता बंद करून ठेवलेली. समोर ताटात एक रिकामी वाटी आणि पाण्यानं भरलेला तांब्या.

विहाराचे जुने कारभारी गोटीरामकाका माइकशी झटत होते.

“हॅलो, हॅलो. जय भीम. जय भीम. हॅलो.”

“काका, पोचला जय भीम, आता बास करा,” मागून कुणीतरी म्हणालं.

“तू गप रे. ऐन भाषणात हाच बंद पडतो.”

“पडू द्या की. मागल्या खेपेला तुमच्या भाषणात भात गार झाला होता.”

हलकं हसू उमटलं आणि लगेच विझलं. दुःखाच्या घरचं हसू असंच असतं, दारापर्यंत येतं नि चप्पल न काढताच माघारी जातं.

नवनाथ हसला नाही. तो पुरुषांच्या बाजूला, नेहमीच्या जागी बसला होता. उजवीकडची जागा मोकळी होती. ती झुंबरची. कुणी मुद्दाम सोडली नव्हती, पण तिथं कुणी बसलंही नव्हतं.

झुंबर मूळचा चांदवडकडचा. नवनाथपेक्षा दहा वर्षांनी मोठा. दोघं एकाच कारखान्यात प्रेसवर होते. पत्र्याला ठोकून आकार देणारं हे यंत्र बेरकी. ते चालवायला दोन बटणं असतात, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. म्हणजे यंत्र ठोकतं तेव्हा माणसाचे दोन्ही हात बटणांवर, बाहेर, सुखरूप. शहाण्या माणसानं केलेली सोय. पण सोय शहाण्याची आणि घाई गरजवंताची. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापायची, एक बटण दाबून त्यावर करकचून बांधायची. मग एका हातानं काम भराभर होतं, दुसरा हात पत्रा सरकवायला मोकळा. सगळे बांधायचे. साहेब आला की सोडायचे, गेला की बांधायचे.

त्या दिवशी एप्रिलची पंधरा तारीख होती. आदल्या दिवशी जयंती झालेली. मिरवणुकीत झुंबरनं पेटी वाजवली होती, स्वतः बांधलेली गाणी म्हटली होती. त्याची एक ओवी तर बायामाणसांच्या तोंडी बसली होती:

काटा मोडे त्याच्या पायी, कळ माझ्या उरी यावी
गौतमाच्या वाटेवर चाल एवढी शिकावी

दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्यात निरोप आला की नवनाथच्या बायकोला, प्रतिभाला, कळा सुरू झाल्यात. पहिलं बाळंतपण. झुंबर शेजारच्या आपल्या यंत्रावरून ओरडला होता, “जा की रं! तुझं काम मी बघतो.”

“एवढा लॉट काढतो दादा, नि पळतो,” नवनाथ म्हणाला होता. तो तेव्हा ठेकेदाराचा माणूस. काम अर्धवट टाकून गेला तर उद्या गेटवर दुसराच उभा. त्यानं खिशातून ट्यूबची पट्टी काढली, डावं बटण बांधलं. दोन पाळ्या सलग झालेल्या. डोळ्यांवर झापड, मनात दवाखाना. एक पत्रा साच्यात अडकला. नवनाथनं तो काढायला डावा हात आत घातला, आणि उजवा हात, त्याचा त्यालाच पत्ता नव्हता, सवयीनं बटणावर गेला.

“नवा, हात!”

मनगटाला हिसका बसला. नवनाथ मागं जमिनीवर पडला. दोन्ही हात डोळ्यांसमोर धरून त्यानं बोटं पाहिली. दहाच्या दहा होती. मग त्यानं वर पाहिलं. झुंबर उभा होता, आणि त्याच्या उजव्या हाताला फक्त अंगठा होता.

संध्याकाळी मनाली जन्मली.

चौथ्या दिवशी दवाखान्यात साहेब विचारपूस करायला आले. पट्टी कुणी बांधली? यंत्र तर नवनाथचं होतं. नवनाथ खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्याच्याआधी झुंबर बोलला. शांतपणे, पेटीचा सूर लावावा तसं.

“त्याच्या घरी निरोप आला व्हता, साहेब. मीच त्याला उठवला नि त्याच्या मशीनवर बसलो. पट्टी बी मीच बांधली. त्याचा काय संबंध नाय.”

साहेबांना ते पटेना. वीस वर्षं मशीनवर मुरलेला गडी असा हात घालेल? बाहेर आल्यावर त्यांनी नवनाथला बाजूला घेतलं. “आदल्याच दिवशी जयंती होती. झुंबर प्यायलेला होता का?”

नाही, एवढा एक शब्द होता. पण ‘नाही’ म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच असता, मग हात आत गेला कसा? नवनाथ म्हणाला, “मला माहीत नाही, साहेब.”

बस, एवढंच बी. पाऊस नको, पाणी नको, गल्लीभर उगवून आलं. झुंबर प्यायला होता. जयंतीची उतरली नव्हती. पंचशील घेतो नि गुपचूप ढोसतो. झुंबरची नोकरी राहिली, पण यंत्रावरून उठवून त्याला गेटवर बसवलं. गाड्यांचे नंबर तो डाव्या हातानं लिहायला शिकला. नवनाथ दोन वर्षांनी कायम झाला.

चांगुणा, झुंबरची बायको, हिनं नवऱ्याला एकदाच विचारलं होतं. “तुम्ही घेतली होती?”

“नाय.”

“पट्टी तुम्ही बांधली?”

“हां.”

तिनं मान हलवली होती. पण पुढच्या पौर्णिमेला विहारात एक गोष्ट झाली, आणि ती फक्त दोघांनी पाहिली. चांगुणानं आणि नवनाथनं. सगळे हात जोडून पंचशील म्हणत होते. जीव घेणार नाही. न दिलेलं घेणार नाही. वावगं वागणार नाही. झुंबर सगळं म्हणत आला. चौथं आलं, खोटं बोलणार नाही. तिथं झुंबरचे ओठ थांबले. पाचवं आलं, मादक काही घेणार नाही, तसे ते परत हलू लागले.

पुढच्या पौर्णिमेला तेच. त्याच्या पुढच्या पौर्णिमेला तेच. बायकांच्या बाजूनं चांगुणा ते पाहत राहिली आणि तिनं आपल्या मनाशी हिशेब जुळवला: हा माणूस माझ्याशी खोटं बोललाय, आणि तथागतासमोर तेवढं त्याच्यानं रेटवत नाही. म्हणजे प्यायलाच होता.

नवनाथला खरं माहीत होतं. म्हणून झुंबरचा आवाज जिथं थांबायचा, तिथं नवनाथ आपला आवाज चढवायचा. मधला खड्डा कुणाला दिसू नये म्हणून. ज्यानं एकदा दुसऱ्यासाठी खोटं सांगितलं तो मुका राहायचा, आणि ज्याच्यासाठी सांगितलं तो खणखणीत म्हणायचा, खोटं बोलणार नाही.

एका बुद्धपौर्णिमेला दोघं त्रिरश्मी लेणीच्या पायऱ्यांवर बसले होते. खाली सगळं नाशिक पसरलेलं, दूर सातपूरच्या पत्र्यांवर ऊन चकाकत होतं. मनाली तेव्हा सात-आठ वर्षांची. ती नि प्रतिभा वर गेल्या होत्या.

“दादा, मी सांगून टाकतो,” नवनाथ म्हणाला.

“कुणाला?”

“वहिनीला. सगळ्यांना.”

“मग सांग की. मी कुठं तुझं तोंड धरलंय?” झुंबर अंगठ्यानं आणि तळव्यानं शेंगा फोडत होता. त्याला ते छान जमायचं. “पण माझ्यासाठी सांगू नको. माझं काय अडलेलं नाय. तुझ्या जिवाला जड झालं की सांग.”

“तुम्ही चौथं का म्हणत नाही?”

“गळकं मडकं पाणवठ्यावर कशाला न्यायचं? चांगुणा रोज समोर असती. रोज तिच्याशी खोटाच वागतो मी. शील म्हंजे काय तोंडानं म्हणायचं गाणं हाय का?” मग तो हसला, सगळे दात दाखवून. “तू मोकळा झालास की मी बी म्हणीन. तवर तू म्हण दोघांच्या वाटचं. आवाज तुझाच मोठा हाय.”

नवनाथच्या काळजाला तो हसरा शब्द कट्यारीसारखा लागला. आणि तरी तो बोलला नाही. आज सांगू, मनालीची परीक्षा होऊ दे मग सांगू, झुंबरच्या तेजलचं लग्न होऊ दे मग सांगू. आधी नोकरीचं भय होतं. ते केव्हाच सरलं. तो आता सुपरवायझर होता, पाळी सुरू होताना रोज सगळ्या यंत्रांवरून फिरायचा, कुठं पट्टी दिसली की खिशातल्या ब्लेडनं कापायचा. पोरं म्हणायची, नवनाथसाहेब पट्टीला लई भितात. उरलं होतं ते चांगुणावहिनीच्या डोळ्यांचं भय. जी बाई दर दिवाळीला मनालीला आपल्या हातानं न्हाऊ घालायची, तिला काय तोंड दाखवायचं?

त्यात एकदा प्रतिभानं कणीक मळता मळता सहज सांगितलं, “आज चांगुणाताई रडल्या हो. म्हणाल्या, प्यायले असते तर माफ केलं असतं गं. खोटं बोलले, ते सलतं. एवढी वर्षं एका ताटात जेवले, पण तेवढा घास काही घशाखाली गेला नाही.”

त्या रात्री नवनाथ जेवला नाही. पोट बिघडलंय, म्हणाला.

मग झुंबर पिवळा पडला. आधी डोळे, मग नखं. डॉक्टर म्हणाले लिव्हर. जुनी कावीळ, रक्तातून आलेली असते, दारूशी संबंध असतोच असं नाही. पण लिव्हर म्हटल्यावर गल्लीला पुढचं ऐकायची गरजच उरली नाही. माना हलल्या. बघा. अखेर निघालंच बाहेर.

शेवटच्या दिवशी नवनाथ त्याच्या उशाशी बसला होता. चांगुणा औषध आणायला खाली गेली होती. झुंबरनं अंगठा हलवला, म्हणून नवनाथनं तो हातात घेतला.

“दादा, उद्या सांगतो. तुमच्यासमोर सांगतो वहिनीला. शपथेवर.”

“काय घाई नाय,” झुंबर म्हणाला.

पहाटे तो गेला.

“काका.”

नवनाथ दचकला. विहारात तेजल त्याच्या शेजारी येऊन बसली होती, बापाच्या मोकळ्या जागेवर. झुंबरची एकुलती एक लेक. पुण्याला नर्स. लहानपणी बाप तळव्यानं भाता ओढायचा नि ही पट्ट्यांवर बोटं फिरवायची. बापलेकीत मिळून एक पेटी वाजायची. मग शाळेत कुणी बेवड्याची पोरगी म्हणालं, आणि तिनं पेटीला हात लावायचं सोडलं. बाप कधी ओरडला नाही. एकटाच भाता ओढत बसायचा, नुसता, सुरावाचून.

“काका, एक विचारू? रागावू नका.” तिचा आवाज खाली होता. “तुम्ही त्या दिवशी तिथं होता. बाबा प्यायले होते का हो? मला आता राग नाही. गेलेल्या माणसावर काय रागवायचं? फक्त कळू दे. आई चार दिवस झोपली नाही. तिला हे पाणी स्वच्छ मनानं घालायचंय.”

नवनाथनं तिच्याकडं पाहिलं. झुंबरचेच डोळे.

“मला माहीत नाही, बाळा,” तो म्हणाला.

अठरा वर्षांपूर्वीचेच शब्द. तेवढेच. जणू खिशातच ठेवलेले होते, ट्यूबच्या पट्टीसारखे.

तेजलनं हळूच मान हलवली. तिला उत्तर मिळालं होतं. मित्र म्हणून त्यानं झाकलं, असंच तिला वाटलं असणार. उठताना ती म्हणाली, “असू दे, काका. तुम्ही तरी शेवटपर्यंत त्यांची साथ दिली.”

ती आईजवळ जाऊन बसली. चांगुणानं डोळ्यांनीच विचारलं. तेजलनं आईच्या गुडघ्यावर हात ठेवला, बाकी काही नाही. चांगुणानं पदर तोंडाशी नेला.

भन्ते आले. सगळे उठले, वाकले, बसले. मेणबत्त्यांच्या ज्योती सरळ झाल्या. भन्तेंनी त्रिशरण दिलं, मग पंचशील सुरू झालं. ते म्हणत, मागं सगळी सभा म्हणे. पहिलं झालं. दुसरं झालं. तिसरं झालं. नवनाथचा आवाज नेहमीसारखा मोठा, शेजारची जागा नेहमीपेक्षा रिकामी.

चौथं आलं.

नवनाथनं तोंड उघडलं, आणि सवयीनं उजवीकडं कान दिला. तिथला आवाज थांबला की आपला चढवायचा. पण आज तिथं थांबायला कुणी नव्हतं. झाकायला खड्डा नव्हता. दुसऱ्याच्या मौनावर घातलेलं पांघरूण त्याच्याच हातात राहिलं, आणि त्याला ते कुठं ठेवावं कळेना. त्याचे ओठ हलले नाहीत. सभा म्हणून गेली. तो म्हणाला नाही.

बायकांच्या बाजूला चांगुणानं मान वर केली.

दुसऱ्या कुणाला ते कळलं नसतं. पण तिनं अठरा वर्षं त्या जागी थांबलेले ओठ पाहिले होते. ते मौन तिनं अंधारातसुद्धा ओळखलं असतं. ती नवनाथकडं पाहत राहिली. पाचवं शील सुरू झालं, सभा पुढं गेली, नवनाथचे ओठ पुन्हा हलू लागले. अगदी तसेच. तिची नजर हलली नाही.

“आता जलदान,” गोटीरामकाका हळूच म्हणाले. माइक त्यांनी बाजूला ठेवला होता. “घरच्यांनी पुढं यावं.”

रीत अशी: घरची माणसं मिळून तांब्या धरतात आणि वाटीत धार सोडतात. वाटी भरते, भरून ताटात सांडते. भन्ते गाथा म्हणत असतात, नद्यांचं पाणी जसं समुद्राला पोचतं तसं इथलं पुण्य गेलेल्या जिवाला पोचू दे. धार तुटू द्यायची नसते.

चांगुणा पुढं झाली, तेजल तिच्या शेजारी. चांगुणानं तांब्या उचलला आणि थांबली.

“भाऊजी, तुम्ही पण या,” ती म्हणाली. आवाजात ना राग, ना माया, फक्त काहीतरी शोधणं. “त्यांचा उजवा हात तुम्हीच होता.”

सभेतून चुकचुक झाली. खरंय, कुणीतरी म्हणालं, भावाभावांत नसते अशी जोडी. प्रतिभानं पदरानं डोळे टिपले. तिच्या खांद्याशी मनाली बसली होती, अठरा वर्षांची, पांढऱ्या ओढणीत.

नवनाथ उठला. चार पावलं. तो ताटासमोर गुडघ्यांवर बसला आणि त्यानं दोन्ही हात तांब्याखाली धरले. चांगुणाची बोटं, तेजलची बोटं, त्याची बोटं. त्याची दहाच्या दहा. पितळ गार होतं. फोटोतून झुंबर पाहत होता, ओठ किंचित उघडे, जणू चौथ्याच्या अलीकडचा श्वास घेऊन.

भन्तेंनी गाथेला सुरुवात करायला डोळे मिटले. तेजलनं तांब्या कलता केला. पाणी काठाशी आलं.

“थांबा,” नवनाथ म्हणाला.

पाणी काठावरच थरथरलं. भन्तेंनी डोळे उघडले. गोटीरामकाका कुजबुजले, “अरे नवनाथ, मधे बोलू नये रे.”

“बोलू द्या त्यांना,” चांगुणा म्हणाली. तिनं तांब्या सरळ केला, पण खाली ठेवला नाही. त्याच्या हातांवरून आपले हातही काढले नाहीत. मग फक्त त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “भाऊजी, मघाशी तुम्ही चौथ्याला थांबलात.”

“हो, वहिनी.”

“हे पण तिथंच थांबायचे.”

“माझ्यामुळं थांबायचे.”

नवनाथनं एकदा मनालीकडं पाहिलं. एकदा तेजलकडं. आणि मग ज्या डोळ्यांना तो अठरा वर्षं भ्यायला होता, त्यांच्याकडं. ते भरले होते आणि वाट पाहत होते.

“दादा प्यायले नव्हते, वहिनी,” तो म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, जसं तो दर पौर्णिमेला म्हणायचा. “थेंबसुद्धा नाही. मशीनवर मी होतो. ती पट्टी मी बांधली होती. हात माझा जायचा होता.”